जावईबापूंनी टॉर्च धरला

मिनिॲपोलिस,
१८ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा व्हिडिओ कॉलवर हे सांगायला घेतलं तर सासूबाई, तुमचा नातू आणि तुमचे जावई असे तिघेही मागून दुरुस्त्या सुचवायला लागले आणि मूळ हकिगत राहिली बाजूला. म्हणून आता सगळे झोपल्यावर लिहायला बसले आहे. आई, तू मोठ्याने वाच. बाबा, तुम्ही मधून मधून "मग?" म्हणा.

तर घरच्या कॉम्प्युटरला मी स्वतःच्या हाताने नवी रॅम आणि एसएसडी बसवली. मी म्हणजे मीच. कॉम्प्युटरमध्ये बी. ई. झालेले आणि दिवसभर क्लाउडचं काम करून पगार घेणारे तुमचे जावई शेजारी टॉर्च धरून उभे होते. टॉर्च बहुतेक वेळ नीट धरला, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आमचा डबा २०१८ चा. आत आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि गरागरा फिरणारी १ टीबीची हार्ड डिस्क. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा काढून घेतला, तेव्हा विंडोज ११ घालणं आलं. इंटेलच्या सातव्या पिढीची बहुतेक यंत्रं त्यात नापास झाली, आमचं काठावर पास झालं. पण पास होणं वेगळं आणि वर्गात टिकणं वेगळं. सासूबाईंना रोज सकाळी ई-पेपर वाचायचा असतो. त्या बटण दाबून रामरक्षेला बसायच्या. रामरक्षा संपायची, फलश्रुती संपायची, पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं.

यावर जावईबापूंचा उपाय एकच: नवीन घेऊ. आयुष्य सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्या माणसाला यंत्राचा अंतर्भाग हा आध्यात्मिक विषय वाटतो, असं माझं मत होत चाललं आहे. त्यांचे सर्व्हर कुठल्या राज्यात आहेत हेही त्यांनी कधी पाहिलेलं नाही. एका दुकानात चौकशी केली, तर सामान आपलं आणि नुसती बसवण्याची मजुरी १५० डॉलर. बाबा, तुम्ही नव्वदने गुणून मोकळे झाला असाल. होय, साडेतेरा हजार. पाणी प्या आणि पुढे ऐका.

खरं तर ही खुमखुमी जुनी आहे. आपल्याकडे पहिला कॉम्प्युटर आला तो आठवतो ना? लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून पुण्यात जोडलेला. तो जोडून देणारा मुलगा स्कूटरवरून यायचा, कॅबिनेटचं झाकण काढायचा आणि मी जवळ गेले की म्हणायचा, "ताई, हात लावू नका, डेलिकेट असतं." मग स्वतः रॅमची पट्टी उपटून शाळकरी खोडरबरने खसाखसा घासायचा, परत ठोकून बसवायचा, आईच्या हातचा चहा प्यायचा आणि पैसे घेऊन जायचा. डेलिकेट! मी तेव्हाच मनाशी म्हटलं होतं की कधीतरी बघून घेईन.

सामान मागवायला गेले तर रॅमच्या भावाने घाम फुटला. उन्हाळ्यात पाहून ठेवलेली पट्टी आता दुपटीने होती. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरीची भूक लागली आहे आणि कारखाने त्यांना आधी वाढतात. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबरमध्ये जाहीर केलं की तुमच्याआमच्यासारख्यांसाठी असलेला 'क्रूशियल' हा ब्रँडच आता बंद. नातू म्हणाला, "आई, मी शाळेत एआयला निबंध विचारतो म्हणून तुझी रॅम महागली का?" मी हो म्हटलं. त्याने घाबरून आठवडाभर निबंध स्वतः लिहिले.

आता कॅबिनेटच्या मागे एक स्टिकर होतं: हे फाटलं तर वॉरंटी गेली. ती वॉरंटी कधीच संपलेली, तरी जावईबापू त्या स्टिकरला घाबरून. मी त्यांना सांगितलं की असल्या चिकटपट्ट्यांवरून वॉरंटी नाकारता येत नाही, अशी तंबी इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्येच सहा कंपन्यांना पत्रं धाडून दिली आहे. नातवाने त्यावर कडी केली. मिनेसोटात १ जुलै २०२४ पासून दुरुस्तीच्या हक्काचा कायदाच आहे, म्हणाला. मग स्वतःच पुढे वाचून पडेल आवाजात म्हणाला, "पण तो १ जुलै २०२१ पासून पुढे विकलेल्या वस्तूंना लागू आहे." म्हणजे आमच्या डब्याला कायद्याचं संरक्षण नाही. असो. मी नखाने स्टिकर उचकटलं. काही झालं नाही. पोलीस आले नाहीत.

खरा शत्रू वेगळाच होता. बाहेर उणे वीस, घरात रात्रंदिवस फर्नेस, त्यामुळे हवा इतकी कोरडी की लोकरी मोजे घालून गालिच्यावरून चार पावलं चालावं आणि दाराच्या मुठीला हात लावावा, तर चट्‌ करून ठिणगी उडते. नातू मुद्दाम पाय घासत येतो आणि आजीच्या कानाला बोट लावतो. माणसाला साधारण तीन हजार व्होल्टच्या खालचा झटका कळतही नाही, आणि चिप बिचारी त्याहून पुष्कळ कमी व्होल्टला मरू शकते. बाबा, तीन हजार व्होल्ट लागून माणूस उभा कसा, हे तुम्ही विचारणारच. करंट नगण्य आणि तोही क्षणभर, म्हणून. पुण्यात पावसाळ्यात ही भानगडच नसते, त्यामुळे त्या स्कूटरवाल्याचं खोडरबर खपून गेलं.

तेव्हा मोजे काढले, गालिचा सोडला आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर अनवाणी उभं राहून जेवणाच्या टेबलावर ऑपरेशन मांडलं. सासूबाईंनी आधी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि मगच परवानगी दिली. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून त्याचा चिमटा कॅबिनेटच्या पत्र्याला लावला. सासूबाई तो पट्टा बराच वेळ निरखत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "काळाच आहे. चांगलं केलंस. कोणाची नजर लागायला नको."

वायर काढली. मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाते. मात्र पॉवर सप्लायचा जो चौकोनी बंद डबा असतो, तो अजिबात उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात जीव घेण्याइतकी वीज साठून राहू शकते. हे खास तुमच्यासाठी लिहिते आहे बाबा, कारण तुमचा हात आधी तिकडेच जाईल.

मागचे दोन स्क्रू हातानेच निघाले आणि पत्रा बाजूला सरकला. आत धुळीची गोधडी! कुठलं सर्किट आणि कुठलं काय. मऊ ब्रशने, पंख्याची पाती बोटाने धरून, हळूहळू सगळं झाडलं. पंखा मोकळा सोडला तर नातू तो फुंकरीने फिरवतोच, आणि भरधाव फिरवलेला पंखा उलटी वीज तयार करतो म्हणतात. व्हॅक्यूम क्लीनरही लावायचा नाही, त्यानेही स्थिर वीज तयार होते. धुळीत चमकी होती, सोनेरी आणि लाल. गेल्या कितीतरी गणपतींच्या मखरांची. आमचा गणपती याच टेबलाशेजारी बसतो आणि डब्याच्या माथ्यावर हवा जायची जाळी आहे, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाबा, दापोडीच्या वर्कशॉपचा तुमचा नियम पाळला: एका वेळी एकच काम, ते तपासायचं, मगच दुसऱ्याला हात घालायचा. जावईबापू दोन्ही एकदम उरकून टाकू म्हणत होते. मी म्हटलं, उद्या चालू झालं नाही तर दोष रॅमचा की एसएसडीचा, ते कसं कळणार? यावर ते एकदम गप्प झाले. त्यांच्या ऑफिसात बहुधा सगळं एकदमच उरकतात.

पहिल्यांदा रॅम. डीडीआर४ ची पट्टी, २८८ पिना, आणि कडेला एक खाच, ती मध्यावर नसून जराशी बाजूला. त्यामुळे पट्टी उलटी बसूच शकत नाही आणि जुन्या डीडीआर३ च्या जागेतही शिरत नाही. ही खाच ज्याने काढली त्याच्या घरी हट्टी माणसं असणार. बोर्डावर चार जागा. जुनी पट्टी दुसऱ्या जागी होती, म्हणून नवी चौथ्या जागी, एक सोडून एक, म्हणजे दोघी जोडीने काम करतात. इथवर सगळं पुस्तकासारखं झालं. पुस्तकात जोर किती लावायचा ते मात्र लिहीत नाहीत. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, बसेना. अजून दाबलं, बोर्ड किंचित वाकला. जावईबापूंनी डोळे मिटले आणि टॉर्चचा झोत छताकडे गेला. "अहो, उजेड!" असं मी ओरडले आणि त्याच क्षणी खट्‌ करून पट्टी बसली, टोकाची खिट्टी आपोआप मिटली. जे यंत्र बोटाच्या ठिणगीने मरतं, त्याला अंगठ्यांचा हा दणका हवा असतो. डेलिकेट म्हणे.

वायर लावून बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

काळाच राहिला. नवी रॅम घातली की बोर्ड पहिल्या वेळी तिची ओळखपाळख करून घेतो, तेवढा वेळ पडद्यावर काही येत नाही, हे मी वाचलं होतं. पण वाचणं आणि तिघांच्या देखत वाट बघणं यात फरक आहे. सासूबाई म्हणाल्या, "गेला का गं?" नातवाने मोबाईलवर नव्या कॉम्प्युटरच्या किमती काढल्या, चेहऱ्यावर दुःख म्हणावं असं काही नव्हतं. आणि जावईबापू, तुमचे विद्वान जावई, मला विचारतात, "लॉग्ज कुठे बघायचे?" लॉग्ज! पडदाच नाही तर लॉग्ज कुठे बघता, पंख्यावर? तेवढ्यात डबा आपणहून एकदा बंद पडून परत चालू झाला आणि कंपनीचं बोधचिन्ह उगवलं. १६ जीबी. सासूबाईंनी साखर आणली.

एसएसडीचं काम सोपं. नुसती पट्टी, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, आत फिरणारं काही नाही. तिरकी धरून खोबणीत सरकवायची, आडवी दाबायची आणि टोकाला एक स्क्रू मारायचा. तो स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा. मी पट्टी दाबून धरली होती, म्हणून स्क्रू लावायचं काम जावईबापूंना दिलं. टॉर्च एका हातात, डिसमिस दुसऱ्या हातात, आणि स्क्रू कुठल्या हातात ते त्यांनाही माहीत नव्हतं. टिक्‌ असा आवाज आला. स्क्रू बोर्डाखाली.

आत सुटा स्क्रू ठेवून वीज लावणं म्हणजे शॉर्ट सर्किटला आमंत्रण. पट्टी परत काढली, डबा दोघांनी उचलला, तिरका केला आणि हलक्या हाताने झटकला. टप्‌ करून वर्तमानपत्रावर काहीतरी पडलं. सगळे वाकले. "सापडला!" नातू ओरडला. तो तांदूळ होता. पुन्हा झटकला. आणखी तांदूळ. एक, दोन, मग पाच-सहा, कुंकवाने लाल झालेले. सासूबाईंनी ते तळहातावर घेतले आणि कपाळाला लावले. अक्षता! दर गणपतीत मंत्रपुष्पांजलीला मागच्या रांगेतून भिरकावलेल्या अक्षता जाळीतून थेट आत जात होत्या. त्यांचं म्हणणं, एवढी वर्षं कॉम्प्युटर चालला तो त्यामुळेच. स्क्रू सर्वांत शेवटी पडला आणि त्याच्याकडे कोणी लक्षही दिलं नाही.

रात्री जुन्या डिस्कवरचं सगळं नव्यावर उतरवायला लावून झोपलो. सकाळी बायोसमध्ये जाऊन आधी एसएसडीकडे बघ असं यंत्राला सांगितलं, आणि खरं सांगते आई, बटण दाबून मी खुर्ची ओढेपर्यंत डेस्कटॉप समोर. सगळे खूश, सासूबाई सोडून. "आता रामरक्षा कधी म्हणायची?" असं त्यांनी मला कळवळून विचारलं. आता त्या आधी रामरक्षा म्हणतात आणि मग बटण दाबतात. एकूण वेळ तेवढाच लागतो.

जावईबापू इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहून आले, "आम्ही घरीच अपग्रेड केलं." त्या 'आम्ही'बद्दल मी काही बोलले नाही. पण परिणाम असा की कालपासून दोन लॅपटॉप आणि एक टॉवर आमच्या दिवाणखान्यात येऊन पडलेत. लॅपटॉपांपैकी एकाची रॅम बोर्डालाच डाखलेली निघाली, त्याला देवही काही करू शकत नाही. तो साभार परत.

आता कामाचं. येत्या शनिवारी, रथसप्तमीच्या आदल्या दिवशी, घरी हळदीकुंकू आहे. वाण म्हणून मी स्टार डिसमिसचे छोटे सेट मागवले आहेत, चुंबकाच्या टोकाचे, चांगले दणकट. गेल्या वर्षी लुटलेले प्लॅस्टिकचे डबे कोणाच्या घरी दिसले नाहीत. पण सासूबाईंचं म्हणणं, सवाष्णीच्या ओटीत लोखंड घालत नाहीत. मी म्हटलं, मूठ प्लॅस्टिकची आहे. त्यांना ते पटलेलं नाही. आई, त्या तुझं ऐकतात. उद्या सकाळी नऊ वाजता, तुमच्या, फोन कर. आमची रात्रीची साडेनऊ असेल, त्या जाग्या असतात. रामरक्षा झालेली असेल.

तुमची,
छकुली

ता. क. बाबा, तुमच्या कपाटावरच्या जुन्या डब्याचं झाकण उघडलंत तर आधी फोटो काढा, मग वायरी काढा. आणि तो चौकोनी डबा सोडून बोला.