थंड गाडीची ट्रायल देणाऱ्या शेठना

शेठ,

तुम्हाला गिअरबॉक्समधलं चांगलं कळतं, हे आधीच मान्य करतो. न कळणाऱ्या माणसाला तुम्ही दिलीत तशी ट्रायल देता येत नाही. सकाळी लवकर या म्हणालात. गाडी रात्रभर शेडमध्ये उभी होती. सपाट रस्ता, एक सिग्नल, तिथून वळून परत. जरा कात्रजच्या चढाकडे नेऊ का विचारलं, तर शेजारी बसलेला तुमचा पोरगा म्हणाला, "साहेब, पेट्रोल रिझर्व्हला आहे." स्कॅनर लावून बघतो म्हणालो, तर तुम्ही तुमचाच स्कॅनर आणलात आणि स्क्रीन माझ्यापुढे धरलीत. एकही कोड नाही, सगळं क्लीन.

तुमचं माझं भांडण ग्राहक आयोगात व्हायचं ते होईल. हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण तुमच्या पत्र्याच्या शेडखाली अजून गाड्या उभ्या आहेत आणि दर रविवारी तिथे बायकामुलांना घेऊन माणसं येतात. बरीचशी आयुष्यातली पहिली गाडी घेणारी. त्यांनी हे वाचावं.

तुम्ही मला विकलेल्या गाडीत सीव्हीटी आहे. त्यात पहिला, दुसरा, तिसरा असे गिअर नसतात. दोन पुल्या आणि त्यांच्यामधून फिरणारा पोलादी पट्टा असतो. तेलाच्या दाबाने पुल्या तो पट्टा आवळून धरतात आणि त्या पकडीतूनच इंजिनची ताकद चाकांपर्यंत पोचते. तेल गार असतं तेव्हा दाट असतं. पंप झिजलेला असला, व्हॉल्व्ह सैल झालेले असले तरी त्यातून ते फारसं निसटत नाही, दाब टिकतो. तासभर गाडी चालली, वर घाट लागला, की तेल तापून पातळ होतं, दाब पडतो आणि पट्टा पुलीवर घसरतो. पोलाद पोलादावर घसरलं की दोन्ही खरवडून निघतात, आणि पुढच्या वेळी घसरणं आणखी सोपं होतं. म्हणून असा गिअरबॉक्स सकाळच्या दहा मिनिटांत काही बोलत नाही. तुम्ही मला बरोब्बर तेवढीच दहा मिनिटं दिलीत.

तो बोलला खंबाटकी घाटात. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चढ चढावाच लागला, बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांसाठी होता. आई मागच्या सीटवर होती. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आरपीएमचा काटा वर गेला, इंजिन किंचाळायला लागलं आणि गाडीचा वेग मात्र उतरत उतरत माणसाच्या चालीवर आला. मग तेवढाही राहिला नाही. गाडी मागे सरकायला लागली, आणि मागे मालाने भरलेले ट्रक होते. हँडब्रेक ओढला, चारही इंडिकेटर लावले. मागच्या ट्रकचा क्लीनर उडी मारून उतरला आणि त्याने चाकांमागे दगड लावले. त्या मुलाचा आणि माझा काही व्यवहार झालेला नव्हता. ज्याच्याशी झाला होता त्याने हे सगळं होणार हे ठाऊक असताना माझ्या हातात किल्ली दिली होती.

तुम्हाला ठाऊक होतं, असं मी रागाच्या भरात म्हणत नाही. सांगतो कसं ते.

गाडी फ्लॅटबेडवर घालून गॅरेजला आणली. हुकला अडकवून पुढची चाकं रस्त्यावर फिरवत आणली असती तर गिअरबॉक्सचं उरलंसुरलंही गेलं असतं. मेकॅनिकने आधी ड्रेन बोल्ट उघडला. तेल स्वच्छ, नुकतंच भरलेलं. मग त्याने पॅन उतरवला. पॅनच्या तळाशी चुंबक असतात, झिजेतून निघणारं लोखंड धरून ठेवायला. त्यांवर राखाडी पिठासारखा बारीक थर बसतो, तो कुठल्याही वापरलेल्या गाडीत असतो. या चुंबकांवर चकाकणाऱ्या कपच्यांचा ढीग होता. तेल नवं आणि गाळ जुना! तुम्ही बोल्ट उघडून निघालं तेवढं तेल काढलंत, नवं भरलंत आणि पॅनला हात लावला नाहीत.

मग त्याने स्कॅनर लावला. 'पी ०७००' हा कोड उभा होता. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने दोष नोंदवला आहे, एवढंच तो सांगतो. त्याच्यापेक्षा महत्त्वाची दुसरी एक नोंद त्या संगणकात असते. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, तो आकडा. ओडोमीटरमधून तो वजा केला तर थेट तुमच्या शेडमधला मुक्काम निघतो. फोनवर तुम्ही म्हणालात, "बॅटरी बदलली होती, त्यामुळे गेले असतील कोड." बॅटरीचं वॉरंटी कार्ड डॅशबोर्डच्या खणातच आहे. ती आधीच्या मालकांनी घेतलेली आहे, तुमच्याकडे गाडी यायच्या कितीतरी आधी.

आणि आधीचे मालक. त्यांचं नाव आरसीवर होतं, शोधायला वेळ लागला नाही. निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी सर्व्हिस सेंटरचा कागद काढून दाखवला: ट्रान्समिशन असेंब्ली बदलावी लागेल, आणि खर्चाचा अंदाज. हा कागद त्यांनी तुम्हालाही दाखवला होता. त्याच कागदावर बोट ठेवून तुम्ही त्यांच्या गाडीचा भाव पाडलात. "सर, गिअरबॉक्स गेलेली गाडी कोण घेणार?" हे तुमचं वाक्य त्यांना तोंडपाठ आहे.

शेठ, माझा सगळा संताप या एका ठिकाणी आहे. दोष एकच. मास्तरांकडून गाडी घेताना त्याची किंमत तुम्ही पुरेपूर वसूल केलीत. मला विकताना तोच दोष तुमच्या लेखी नाहीसा झाला. जुन्या गाडीचा गिअरबॉक्स जाऊ शकतो, हे मला कळतं. मास्तरांना सांगितलंत तसं मला सांगितलं असतंत, तर दुरुस्तीचा खर्च वजा करून मी कदाचित हीच गाडी घेतली असती. घाटात आईला घेऊन मात्र गेलो नसतो.

"जुनी गाडी, जशी आहे तशी" असं पावतीवर छापलंय म्हणता. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम १७ वाचा. एखादी गोष्ट माहीत असताना ती प्रयत्नपूर्वक दडवणं म्हणजे कपट, असं त्यात सरळ म्हटलं आहे. नुसतं गप्प बसणं एक वेळ वेगळं. तुम्ही तेल बदललंत, कोड पुसलेत, ट्रायलचा रस्ता ठरवलात. ही कामं आपोआप होत नाहीत.

कागदोपत्री तुम्ही कुठेच नाही, हेही आता दिसतंय. मास्तरांची हस्तांतराच्या कोऱ्या फॉर्मवर सही घेतलीत आणि गाडी त्यांच्या नावावरून थेट माझ्या नावावर चढवलीत. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर करावी लागते. तुमचं प्रमाणपत्र मागितलं, तर तुम्ही चहा मागवलात. टोकनच्या पावतीवर शिक्का मात्र तुमच्याच दुकानाचा आहे आणि पैसे तुमच्याच खात्यात गेलेत.

वकिलांची नोटीस या आठवड्यात मिळेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि मास्तरांनी शपथपत्र द्यायचं कबूल केलंय. मागणी मोठी नाही. गिअरबॉक्सचा खर्च आणि फ्लॅटबेडचं भाडं द्या. नाहीतर पूर्ण पैसे देऊन गाडी परत घ्या. परत घेतलीत तर एक गोष्ट मला तुमच्या सहीशिक्क्यानिशी लेखी हवी: ती पुन्हा विकायला उभी कराल तेव्हा, किमतीच्या पाटीइतक्याच मोठ्या अक्षरांत, तिच्या काचेवर हा दोष लिहिलेला असेल.

तुमचं एक गिऱ्हाईक,
पुणे