एमबीबीएस सांभाळून पदक कसे मिळवावे

नीट पार करून एमबीबीएसला प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी ८०० मीटरमध्ये राज्य पातळीवर पदकही मिळाले, तर रत्नागिरीत आधी पेढे वाटतात आणि मग विचारतात, "आता पळणं बंद ना?" अशा संकटात सापडलेल्या होतकरूंसाठी हे मार्गदर्शन.

पायरी पहिली, जागा. रत्नागिरी शहरात २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण बाहेर जांभ्याचा कातळ आणि वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. जून ते सप्टेंबर सराव करायचा तर जिन्यावर. दूरदृष्टीच्या उमेदवाराने म्हणून सावर्ड्याजवळच्या डेरवणचा विचार करावा. तिथे वालावलकर वैद्यकीय महाविद्यालयही आहे आणि सिंथेटिक ट्रॅक असलेले क्रीडा संकुलही. शवविच्छेदन आटोपून थेट स्टार्टिंग लाइनवर. मधे हात धुवावेत.

पायरी दुसरी, हजेरी. थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते. उरलेल्यात राष्ट्रीय शिबिर, आंतरविद्यापीठ स्पर्धा, मावसबहिणीचे लग्न आणि डेंग्यू बसवावा. प्रॉक्सीच्या भानगडीत पडू नये. सकाळच्या पेपरात ज्याचा धावतानाचा फोटो छापून येतो, त्याची प्रॉक्सी कोण लावणार?

पायरी तिसरी, वेळ. इथे रॉजर बॅनिस्टरला गुरू करावे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात शिकणारा हा विद्यार्थी जेवणाच्या सुट्टीत जवळच्या पॅडिंग्टनच्या मैदानावर पळून यायचा. दिवसभर घाम गाळण्याइतकी सवडच नव्हती, म्हणून थोड्या वेळात ४०० मीटरच्या कडक फेऱ्या. ६ मे १९५४ रोजी सकाळी त्याने रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत स्पाइक्सचे खिळे घासून धारदार केले, माती चिकटू नये म्हणून त्यांना ग्रॅफाइट चोळले आणि ऑक्सफर्डची गाडी पकडली. संध्याकाळी मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो जगातला पहिला. आपल्याकडच्या प्रयोगशाळेत मात्र खिळे घासण्यापूर्वी विभागप्रमुख रजेवर असल्याची खात्री करून घ्यावी.

एकच उदाहरण पुरत नसेल तर जमैकाचा आर्थर विंट आहे. लंडनच्याच सेंट बार्थोलोम्यूजमध्ये वैद्यक शिकत असताना त्याने १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचे सुवर्ण आणि ८०० मीटरचे रौप्य पटकावले.

पायरी चौथी, औषधे. भावी डॉक्टरने स्वतःवर उपचार करू नयेत. खोकल्याच्या काही सिरपमध्ये असणारे टर्ब्युटालिन उत्तेजकांच्या बंदी यादीत आहे. शिवाय उत्तेजक चाचणीसाठी नोंद झालेल्या खेळाडूला रोज एक तास आपण कुठे सापडू हे चाचणी यंत्रणेला आधी कळवावे लागते. बारा महिन्यांत तीनदा चुकले तर बंदीची टांगती तलवार. वॉर्डातली नाइट ड्युटी ऐनवेळी बदलली की आधी नातेवाइकांना नव्हे, त्या यंत्रणेला कळवावे.

पायरी पाचवी, निवृत्ती. बॅनिस्टरने १९५४ मध्येच व्हँकुव्हरला मैल आणि बर्नला १५०० मीटर जिंकून शर्यती सोडल्या, आणि पुढे तो मज्जाविकारतज्ज्ञ झाला. थांबायची तारीख आधीच ठरलेली असली की दोन्हीकडची ओढाताण सोसता येते. इथे इंटर्नशिपला रुजू होण्याचा दिवस सोयीचा. त्यानंतर पहाटे रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर धावणाऱ्या डॉक्टरला पाहून लोक "शुगर निघाली वाटतं" म्हणतील, तेवढे ऐकून घ्यावे.