पावसाळी श्रमदान : इच्छुकांसाठी सूचना (शिंदखेडा तालुक्यापुरत्या)

वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात करायचा, हे 1950 साली तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शींनी ठरवलं. त्या निर्णयाची प्रत पावसाला मिळाली नसावी. शिंदखेड्यात त्या आठवड्यात कधी झड लागते, कधी नुसता वारा सुटून डोळ्यांत माती जाते, तर कधी मे महिन्याचं ऊन मुदतवाढ घेऊन बसलेलं असतं. तिन्ही शक्यता गृहीत धरून पुढील सूचना.

1. पोशाख : भारी रेनकोट बाहेरून पावसाने आणि आतून घामाने भिजतो. गावातली मंडळी युरियाच्या रिकाम्या गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून खोळ करतात. ती फुकट असल्याने तिच्यावर विश्वास बसत नाही. काळ्या मातीत बूट घालून उतरल्यास पाय पुढे जातो, बूट जागेवर राहतो. अनवाणी माळावर चढल्यास बाभळीचा काटा भेटतो. पायाबाबतचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

2. खड्डा : तो तुम्ही खणायचा नसतो. 45 सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल असे खड्डे मजुरांनी भर उन्हाळ्यात मुरमात पहार मारून तयार ठेवलेले असतात. आपण काठावर उभं राहून “जरा लहान वाटतो” एवढंच म्हणावं.

3. रोप : पिशवीसकट लावू नये. (दरवर्षी लावतात.) पिशवीला ब्लेड मारून ती अलगद सोलावी, मातीचा गड्डा फुटू देऊ नये, तळाशी मुळांनी वेटोळं घातलं असेल तर तेवढं कापावं. रोप सरळ धरून माती भरावी, टाचेने दाबावी आणि उताराच्या खालच्या अंगाला अर्धगोल वरंबा घालावा, म्हणजे वरून येणारं पाणी तिथे अडतं. वनरक्षक हे सगळं बोलता बोलता करतो. तुम्हाला वेळ लागेल. रिकामी पिशवी खिशात घालून परत आणायला तर फारच.

4. जात : गुलमोहर मागू नये. बेताच्या पावसात कडुनिंब, हिवर, खैर, अंजन ही खानदेशी मंडळीच तग धरतात. त्यात अंजनाची वाढ फार सावकाश. पाच वर्षांनी निवडणूक लढवणाऱ्यांनी त्याच्यापासून लांब राहावं.

5. छायाचित्र : एका रोपाला अकरा हात लावावेत. फावड्याला एकही लागला नाही तरी चालतं. पाऊस आल्यास छत्री पाहुण्यांवर धरावी. विजा चमकू लागल्यास एकट्या झाडाखाली थांबू नये. अर्थात आजवरची वृक्षारोपणं पाहता असं झाड सापडायला वेळ लागेल.

6. जेवण : कळण्याची भाकरी आणि ठेचा काम झाल्यावर मिळतो. आधी मागितल्यास एखादे आबा “काय करी राह्यनात भो?” असं विचारतात. तेव्हा नजर रोपावर ठेवावी.

7. हिशेब : राज्याने 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं. मोजणी लावल्या दिवशीच उरकावी. पुढच्या मे महिन्यात मोजायला गेल्यास विनाकारण वाद होतात.

याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने मात्र सगळंच उलटं केलं. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी आधी कुऱ्हाड बंद केली, चराईला आवर घातला, तोडणाऱ्याला दंड लावला, राखण बसवली. सुमारे 400 हेक्टर जंगल उभं राहिलं आणि 2025 साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. राखणीत फोटो काढण्यासारखं काही नसल्याने ही पद्धत फारशी पसरलेली नाही.

8. खरोखरचं खराब हवामान : ते पावसाळ्यात नसतंच. एप्रिल-मे महिन्यांत पारा 43च्या पुढे जातो, टँकर गावालाच पुरत नाही आणि शेळीला अख्ख्या माळावर हिरवं म्हणून तुमचंच रोप दिसतं. तेव्हा रोपाला बादलीभर पाणी घालायचं असतं, बोरी-बाभळीच्या फांद्यांचं कुंपण नीट करायचं असतं, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा साफ ठेवायची असते. या कामाचा बॅनर लागत नाही, टी-शर्ट मिळत नाही, प्रमुख पाहुणे येत नाहीत. इच्छुकांनी मार्चमध्येच वनरक्षकाकडे नाव द्यावं. जागा भरपूर आहेत. वशिला लावण्याची गरज नाही.