पाणटिवळ्याचा जीवनगौरव

मान द्यावा तर डच लोकांनीच. २०१५ साली त्यांनी रीतसर मतदान घेतलं आणि काळ्या शेपटीचा पाणटिवळा हा नेदरलँड्सचा राष्ट्रीय पक्षी झाला. (आपल्या उजनीवर हिवाळ्यात उतरतो तो त्याचा आशियाई भाऊबंद, डच पाणटिवळे पश्चिम आफ्रिकेला जातात.) १९६०च्या दशकात तिथल्या ओल्या कुरणांत सुमारे १,२०,००० जोड्या वीण करत. निवडून आला तेव्हा उरल्या होत्या ३०-३५ हजार. आपल्याकडेही जीवनगौरव पुरस्कार साधारण याच प्रकृतीत मिळतो.

पक्ष्याचा दोष एवढाच, की तो वेळापत्रक बदलत नाही. एप्रिलमध्ये गवतात चार अंडी, तीन-साडेतीन आठवडे उबवणी, मग पिल्लं. आईबाप भरवत नाहीत. पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतःच किडे टिपत हिंडतं, आणि किडे असतात फुलांच्या, विरळ, उंच गवतात. शेतकऱ्याने तर चर खणून पाणी काढलं, खत ओतलं, रायग्रास नावाचं गवत पेरलं. ते मेच्या सुरुवातीलाच कापणीला येतं. म्हणजे पिल्लू अंड्यातून बाहेर आणि यंत्र शेताच्या आत, मुहूर्त एकच.

सरकारने तोडगा काढला. शेतकऱ्याने १५ जूनपर्यंत कापणी थांबवावी आणि भरपाई घ्यावी. करार ऐच्छिक. आता कोरड्या जमिनीवरचं खतावलेलं गवत इतकं दाट, की त्यात पिल्लाला धड चालताही येत नाही. करारात तारीख आहे, पिल्लाच्या चालण्याचं काही नाही. शेतकऱ्याने तारीख पाळली, खात्याने पैसे दिले, पिल्लू उपाशी मेलं. फाइल स्वच्छ.

स्वयंसेवकही कामाला लागले. घरट्याशेजारी काठ्या रोवायच्या, यंत्र तेवढा तुकडा सोडून जातं. अख्ख्या भादरलेल्या शेतात गवताचा एकच पुंजका. कोल्ह्याला याहून ठळक पाटी कोण लावून देणार?

शेतकऱ्याला शिव्या देण्यात मात्र अर्थ नाही. दूध स्वस्त हवं ते गिऱ्हाइकाला, आणि पाणटिवळ्याला मत देणारं गिऱ्हाईक तेच. तेव्हा चर्चा फिरून फिरून कोल्ह्यावर येते. तो पिल्लं खातो, हे खरंच आहे. शिवाय त्याचा दूधसंघ नाही.

२०२० साली एका माजी मंत्र्यांच्या पुढाकाराने मोठी योजना मांडली गेली: विस्तीर्ण सलग कुरणं, पाण्याची पातळी वर, शेतकऱ्याला दीर्घ मुदतीचा मोबदला. योजना शहाणी आहे, म्हणूनच धाकधूक वाटते. पाणी वर आलं की शेजाऱ्याचं चाक रुतणार. आणि २०१९ साली शेतीतल्या नायट्रोजनला लगाम घालणाऱ्या धोरणाविरुद्ध ट्रॅक्टर घेऊन संसदेच्या दारी, हेगला धडकलेल्या शेतकऱ्यांना तो रस्ता आता पाठ आहे. पाणटिवळ्याला मोर्चा काढायला सवड नाही. हिवाळ्यात संसद भरते तेव्हा तो सेनेगलच्या बाजूला भातखाचरांत असतो.