बाल्यास स्थगिती देण्याविषयी

दारव्ह्याच्या माणसास प्रतीक्षेचे वावडे असण्याचे वास्तविक काही कारण नाही. ज्या गावाने मोतीबाग स्थानकावर उभे राहून शकुंतलेची वाट पाहण्यात पिढ्या घालवल्या, आणि ती अरुंद रुळांची गाडी बंद पडली तेव्हा 2008-09 सालीच मंजूर झालेल्या वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाकडे निमूटपणे डोळे लावले, त्या गावात एखादे चार वर्षांचे मूल अद्याप बोलत नाही आणि त्याची तपासणी लांबत चालली आहे, एवढ्यासाठी आईबापांनी त्रागा करावा, हे तालुक्याच्या परंपरेस शोभत नाही, असेच सरकारी दप्तराचे मत असले पाहिजे.

व्यंग हुडकण्यात सरकार उदासीन आहे, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. फेब्रुवारी 2013 मध्ये याच महाराष्ट्रात, पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ झाला. आरोग्यपथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा यावे, मुले तपासावीत आणि संशय येईल त्यास पुढे पाठवावे, असा त्याचा शिरस्ता आहे. पाठवण्यास एक चिठ्ठी पुरते. पुढे अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मात्र वैद्यकीय बोर्ड लागते. बोर्डास बालरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ लागतो, बुद्धिमापनास प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ लागतो, आणि ही मंडळी एकाच दिवशी एकाच छताखाली हजर असणे हा योग पंचांगात वर्तवता येण्यासारखा नसतो. कापूस वेचणीच्या ऐन हंगामात मजुरी बुडवून, मूल कडेवर घेऊन, चाळीसेक किलोमीटर येष्टीने यवतमाळ गाठणाऱ्या बाईस ‘आज बोर्डाचा दिवस नाही’ हे उत्तर मिळाले, तर त्यात दोष कोणाचा काढावयाचा? दिवसाचाच!

कायद्याचे औदार्य तर डोळे दिपवणारे आहे. 2016 च्या अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार 7 होते ते 21 केले. प्रकारांबरोबर ते ओळखणारी माणसेही तिप्पट व्हावीत, ही अपेक्षा अर्थातच अधिनियमाच्या कक्षेबाहेरची. प्रमाणपत्र एका महिन्यात द्यावे, असे 2017 चे नियम सांगत. ऑक्टोबर 2024 च्या दुरुस्तीने त्या महिन्याचे तीन महिने केले. विलंब नाहीसा करण्याचा याहून निर्मळ उपाय आमच्या पाहण्यात नाही, कारण कालपर्यंत जी दिरंगाई होती ती आज, जागची न हलता, मुदतीच्या आत आली. त्याच दुरुस्तीत आणखी एक रत्न आहे. निर्णयाविना दोन वर्षांहून अधिक काळ पडून राहिलेला अर्ज निष्क्रिय समजावा आणि अर्जदाराने नव्याने अर्ज करावा अथवा चौकशी करावी, अशी त्यात तरतूद झाली. एवढ्या प्रदीर्घ व्यवहारात निष्क्रियतेचा ठपका ज्यावर ठेवावा असा एकटा अर्जच काय तो निघाला!

आणि दाखला हाती आला म्हणजे सुटलो, असे समजणारे पालकही भोळेच. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या पाचव्या, दहाव्या व अठराव्या वर्षी नूतन करून घ्यावे, असे 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सांगितले. मूल वाढते, म्हणून त्यास पुन्हा मोजावे, हे शास्त्रास धरून आहे, आमची त्यास हरकत नाही. पण मोजणीसाठी मूल वाढते हे जे मान्य करतात, त्यांना रांगेतही ते वाढतच असते, हे कसे मान्य होत नाही? पहिल्या पाच-सहा वर्षांत ऐकू न आलेली भाषा पुढे कानास यंत्र लावून पुरती भरून निघत नाही. वाचाउपचारास आज बसावयाचे मूल आणि दीड वर्षाने बसावयाचे मूल ही दोन निराळी मुले असतात. घरी मात्र शेजारीपाजारी एवढेच विचारतात, ‘किती टक्के निघाले?’ शाळेची कथा थोडक्यात आटोपते: प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे व उच्च प्राथमिकमध्ये पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये सांगितले, तरी कित्येक गावांत विशेष शिक्षक आजही पाहुण्यासारखा येतो, हजेरीपटावर सही करतो आणि पुढच्या गावास जातो.

सबब आमची नम्र सूचना अशी की, कचेरीस बालकाच्या वेगाने चालवणे अव्यवहार्य असल्यामुळे बालकासच कचेरीच्या वेगाने वाढावयास लावावे. तालुक्यातील समस्त तपासणीयोग्य बालकांच्या वयास अर्जाच्या आवक तारखेपासून निर्णयाच्या तारखेपर्यंत स्थगिती देण्यात यावी. त्या मुदतीत त्यांनी दात पाडू नयेत, उंची वाढवू नये आणि बोलण्याचा मोसम पुढील आदेशापर्यंत राखून ठेवावा. प्रस्तावास तत्त्वतः कोणाची हरकत असेल असे वाटत नाही. मात्र स्थगितीचा लाभ इच्छिणाऱ्या बालकाने आपल्या अपंगत्वाचा सक्षम बोर्डाने दिलेला दाखला अर्जासोबत जोडणे बंधनकारक राहील.