वाटीभर पोट, ताटभर आग्रह

वजन कमी करायची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात. किती उतरलं? आणि किती लागले? पहिल्याचं उत्तर किलोत, दुसऱ्याचं लाखात. आज पोटात प्रथिनं किती गेली, हे विचारणारा सोयरा अजून जन्माला यायचाय.

बॅरिअ‍ॅट्रिक हा जिभेला पीळ पाडणारा शब्द आपल्या ओळखीचा केला तो राजकारण्यांनी. २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, २०१४ साली अरुण जेटलींनी दिल्लीत. तेव्हापासून पेपरात आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी छापायची चाल पडली. नंतरच्या फोटोत माणूस जुनी पँट पुढे ताणून उभा असतो. त्याच्या हिमोग्लोबिनचा आधीचा आणि नंतरचा आकडा मात्र कुणी छापल्याचं पाहण्यात नाही. विमा कंपन्यांचंही तेच. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय ४० असेल, किंवा ३५ असून सोबत गंभीर आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा दावा विचारात घेतात. म्हणजे आत जायची पात्रता वजनावर आणि बाहेर आल्यावरचं कौतुकही वजनावरच.

या प्रकाराचा उगमच मुळात गमतीचा आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या डॉ. एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं, की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन पुन्हा वाढेना. एरवी डॉक्टर ज्याला दुष्परिणाम म्हणून हळहळले असते, त्याचाच त्यांनी उपचार केला आणि १९६६ साली जठराची पहिली बायपास केली. तेव्हा अन्न कमी पडणं हा या शस्त्रक्रियेतला अपघात नाही, तोच तिचा धंदा आहे. स्लीव्ह नावाच्या दुसऱ्या प्रकारात जठराचा सुमारे पाऊण हिस्सा कापून टाकतात. बायपासमध्ये वर जेमतेम ३० मिलीची पिशवी ठेवतात आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून अन्न पुढे सोडतात. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः शोषलं जातं ते नेमकं त्या वगळलेल्या भागात. उरलेलं काम रुग्णाने आयुष्यभर स्वतः करायचं असतं: पौष्टिक खाणं, गोळ्या आणि दरवर्षी रक्ततपासणी.

आणि हे काम कुठे करायचं? तर मुंजीच्या मांडवात.

आमच्या नात्यातल्या एका वहिनींची बायपास झाली, मधुमेहापायी. परवाच्या मुंजीत त्यांचं ताट पाहिलं. आधी पनीरचे चार तुकडे, मग मटकीची उसळ, मग दोन चमचे दही. भात सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. प्रत्येक घास चावून चावून, आणि जेवताना पाण्याचा घोट नाही. पाणी अर्ध्या तासाने. वाढपी मठ्ठ्याचा जग घेऊन तीनदा येऊन गेला आणि तिसऱ्यांदा त्याच्या चेहऱ्यावर अपमान स्पष्ट दिसला. मग मोठे काका जिलेबीचं ताट घेऊन आले.

"अगं, एका जिलेबीने काय होतंय?"

"काका, छातीत धडधडतं. घाम फुटतो."

"साजूक तुपातली आहे!"

साजूक तुपाने गोडाचा दोष जातो, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. बायपासनंतर साखर झपाट्याने आतड्यात उतरते आणि माणूस खुर्चीतच घामाघूम होतो, पोटात कळा येतात. डॉक्टर त्याला डंपिंग म्हणतात, काका त्याला नखरे म्हणतात.

खरी मेख मात्र जिलेबीत नाही. या छोट्या पोटाला भाकरी टोचते, चिकन अडकतं, उसळ जड वाटते. पण आइस्क्रीम, वेफर्स, चहात बुडवलेलं बिस्कीट यांना ते हरकत घेत नाही. सगळं कसं सुळकन खाली उतरतं. त्यामुळे दोन-चार वर्षांनी अशी माणसं भेटतात, ज्यांचं वजन पुन्हा चढतंय आणि रक्तातलं लोह उतरतंय. कुटुंब म्हणतं, ऑपरेशन फुकट गेलं. ऑपरेशन बिचारं जागच्या जागी आहे. त्याला चकवून जाणारा रस्ता दुधाच्या डेअरीवरून आणि बेकरीवरून जातो.

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, असं आहारतज्ज्ञ सांगतात. आता आपल्या शाकाहारी स्वयंपाकघरात हा हिशोब मांडून बघा. वाटीभर पातळ वरणात जेमतेम पाच ग्रॅम. ज्याच्या पोटात एका वेळी वाटी-दीड वाटीच मावते, त्याने वरणावर विसंबलं तर उसंत न घेता दिवसभर वरणच प्यायला लागेल. म्हणून पनीर, दही, सोयाबीन, कडधान्यं, चालत असेल तर अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे वरणाच्या वाटीहून थोडं जास्तच. तरीही कमी पडतं, तेव्हा प्रोटीन पावडर देतात. त्या डब्याकडे घरातले असे बघतात की जणू सून व्यायामशाळेतल्या पोरांच्या नादी लागली. "पावडरीने किडनी जाते," हे सांगणारे काका स्वतः रोज रात्री काय घेतात, त्याची चर्चा मुंजीत नको.

त्यात एकादशी. छोट्या पोटात साबुदाण्याची खिचडी भरली की दाण्याच्या कुटाने थोडीफार लाज राखली जाते, बाकी सगळा पिष्टाचा कारभार. "एवढं ऑपरेशन निभावलं विठोबाने, त्याच्यासाठी एक दिवस उपास नको का?" असं विचारलं की तोंड बंद होतं. पोटही भरतं आणि प्रथिनांचा रकाना कोरा राहतो. विठोबाने कधी साबुदाणा मागितल्याचं ऐकिवात नाही.

गोळ्यांचा प्रकार आणखी मजेशीर. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की एकमेकांच्या पायात पाय घालतात, म्हणून दोन तासांचं अंतर. कॅल्शियम सायट्रेट बरं, कारण कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं आणि इथे आम्लाचाच तुटवडा. लोहाच्या गोळीवर चहा घेऊ नये. हे सगळं पाठ झालेल्या वहिनींच्या मोबाइलवर दिवसभर गजर वाजत असतात. त्यावर सासूबाईंचा सल्ला: "सगळ्या एकदमच चहाबरोबर घेऊन टाकाव्यात, म्हणजे डोक्याला ताप नाही." एका वाक्यात इतके नियम मोडायला प्रतिभा लागते.

बी-१२ ची गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. हे जीवनसत्त्व शोषायला जठरातून स्रवणारा एक घटक लागतो आणि तो या शस्त्रक्रियेनंतर कमी पडतो. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, हे खरं. पण मुळात साठा असेल तर. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं. ही कुणाच्याही पोटाला हात न लावलेली माणसं. आपण शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढतो तेच मुळी रिकाम्या खिशाने. मग हातापायाला मुंग्या आल्या की "नस दबली असेल" म्हणून मालीशवाल्याकडे जातो. गुडघा दुखला की मेडिकलवाल्याला विचारून दुखण्याची गोळी घेतो आणि जिथे आतडं जोडलंय तिथे व्रण करून घेतो.

सगळ्यात घाईचं प्रकरण बी-१ चं. त्याचा शरीरातला साठा फक्त दोन-तीन आठवड्यांचा. शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होत असतील, तर तो झपाट्याने संपतो. तोल जातो, डोळ्यांपुढे एकाचे दोन दिसतात, माणूस बरळायला लागतो. घरचे म्हणतात, पोटाचं ऑपरेशन झालंय, उलट्या व्हायच्याच. आणि ताकद यावी म्हणून ग्लुकोज पाजतात. बी-१ न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूची इजा वाढू शकते. अशा वेळी गल्लीतल्या सलाइनवर समाधान न मानता ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना गाठायचं, आणि त्याच दिवशी.

पण उलट्यांनी, मुंग्यांनी, थकव्याने घराला जाग येत नाही. जाग येते ती केसांनी. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतात, कारण वजन झपाट्याने उतरण्याचा धक्का शरीराला बसलेला असतो. पोषण नीट असेल तर बहुतेकांचे काही महिन्यांत परत येतात. वहिनींच्या कंगव्यात पुंजका दिसला मात्र, सगळं खानदान कामाला लागलं. कांद्याचा रस, मेथ्यांचा लेप, भोंदू वैद्यांचे व्हिडिओ. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, किती आहे, हे कुणी विचारलं नाही. काकू तर मुंजीतच पिशवीतून बाटली काढून उभ्या राहिल्या: घरी काढलेलं जास्वंदीचं तेल, तीन तास उकळलेलं.

वहिनींनी बाटली हातात घेतली, वास घेतला, छान आहे म्हणाल्या.

"काकू, तेल राहू दे तुमच्याकडेच. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा मटकीच्या उसळीचा डबा पाठवाल का? आणि त्यातही तेल जरा कमीच घाला."