नाकाक सुट्टी

प्राणिशास्त्राच्या मुलांना प्रवाळ दाखवायचे, तर आधी त्यांना काचेवर थुंकायला शिकवावं लागतं. मालवणच्या होडीवाल्या काकांनी मास्क हातात देत सांगितलं, ‘‘काचेर थुकी लावा नि पाण्यान धुवा. आणि आज नाकाक सुट्टी, श्वास तोंडान घेवचो.’’ थुंकी लावली की काचेवर वाफ धरत नाही. सॅनिटायझरच्या बाटल्या पिशवीला लटकवून आलेल्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि निमूटपणे थुंकल्या.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ सगळे पाण्यावर पालथे तरंगू लागले आणि वर्ग एकदम चिडीचूप. तोंडात नळी असली की मत देता येत नाही. स्टाफरूममध्येही हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही.

१९८७ साली इथलं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. मुलांच्या डोळ्यांपुढे जाहिरातीतले गुलाबी-जांभळे प्रवाळ. इथे खडकाला चिकटलेले मळकट पिवळे गोळे. पण अगदी जवळून पाहिलं की गोळ्यावर मिलिमीटरभर रुंदीचे खळगे दिसतात, एकाला एक लागून, आणि प्रत्येक खळग्यात एक जीव बसलेला. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवालं भाड्यानं राहतात आणि भाडं साखरेत चुकवतात. पाणी फार तापलं की मालक भाडेकरूंना बाहेर काढतो, पांढराफटक पडतो आणि पुढे उपाशी मरायची वेळ येते ती त्याच्यावरच. पुण्यात असे मालक पुष्कळ आहेत. उपासाचं तेवढं तिथे घडत नाही.

तेवढ्यात काळ्या उभ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे थेट मास्कपाशी आले. एक जण तर काचेतून माझ्या डोळ्यांत डोकावून गेला. मुलं हरखली. मासे मात्र पाव शोधत होते. ती सवय पर्यटकांनी लावलेली. आमच्याकडे पाव नाही हे कळल्यावर त्यांनी ज्या तत्परतेनं पाठ फिरवली, ती मी आजवर फक्त लग्नाच्या पंगतीत आइस्क्रीम संपल्यावर पाहिली आहे.

दुपारी खाणावळीत ताटं आली तेव्हा एकदम शांतता पसरली. या वेळी तोंडात नळी नव्हती. अखेर एकीनं विचारलं, ‘‘सर, बांगडा तिथलाच का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो, ‘‘तो उघड्या समुद्रात थव्यानं फिरतो. प्रवाळांत नाही राहत.’’

शास्त्रानं एवढी मोकळीक दिल्यावर कुणी थांबलं नाही. सोलकढी तर दोनदा मागवावी लागली.